वेबसाइट तुमची, पण सातबारा कोणाच्या नावावर?

परभणी : दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर आणि व्हिजिटिंग कार्डवर छापलेला वेबसाइटचा पत्ता एके दिवशी उघडेनासा झाला तर? मानवत, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेडच्या बाजारपेठेतील दुकानदाराला आज मोबाइलवरूनही वेबसाइट तयार करता येते. मात्र, घाईत केलेल्या काही चुका नंतर महागात पडतात. त्या कोणत्या, ते समजून घेऊ.

डोमेन कोणाच्या नावावर?

वेबसाइटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, तर एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवले जाते. अनेकदा ओळखीचा मुलगा किंवा डिझायनर ते स्वतःच्या ई-मेलवरून नोंदवतो. म्हणजे शेत कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर! उद्या तो पुण्याला गेला किंवा फोन उचलेनासा झाला, तर नूतनीकरण अडकते. मुदत संपल्यावर मिळणारी थोड्या दिवसांची सवलतही गेली, की ते नाव दुसरे कोणीही घेऊ शकते. त्या नावावरचा ई-मेलही बंद पडतो.

मोफत म्हणजे कायमचे नव्हे

गुगलने बिझनेस प्रोफाइलमधून मोफत तयार करता येणाऱ्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना १० जूनपर्यंत प्रोफाइलकडे वळवले जात होते. नंतर तीही सोय संपली. ज्यांचे स्वतःचे डोमेन होते, त्यांना तोच पत्ता नव्या वेबसाइटला जोडता आला. मोफत पत्त्यावर अवलंबून असलेल्यांना मात्र कार्डापासून पाटीपर्यंत सगळे बदलणे भाग होते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच

फ्लेक्ससाठी डीटीपीवाल्याने जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर वेबसाइटवर चिकटवला, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. तोच मजकूर फोटो म्हणून टाकला, तर शोधात सापडणे अवघड होते. मोबाइलच्या कीबोर्डवर मराठी टाइप केले, की ते युनिकोडमध्येच असते.

जड फोटो, हरवलेला नंबर

मोबाइलने काढलेला फोटो अनेकदा तीन-चार एमबीचा असतो. असे दहा फोटो टाकले, तर कमी रेंजच्या गावात पान उघडेपर्यंत ग्राहक निघून जातो. फोटो लहान करूनच टाकावेत. फोन नंबर, पत्ता आणि दुकानाची वेळ पहिल्याच पडद्यावर असावी. नंबर दाबताच फोन लागला पाहिजे.

ऑनलाइन विक्री करत असाल तर

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ई-कॉमर्स संस्थेने आपले कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावे लागते.

आजच हे तपासा

- डोमेनच्या खात्यावर तुमचाच ई-मेल आणि मोबाइल नंबर आहे का?
- पासवर्ड तुमच्याकडे आहे का?
- मुदत कधी संपते? ती तारीख कॅलेंडरमध्ये नोंदवा.
- वेबसाइटची प्रत वेगळी जपून ठेवली आहे का?

डोमेन दुसऱ्याच्या नावावर असेल, तर संबंध चांगले असतानाच ते आपल्या नावावर करून घ्या.