पान निर्दोष, वाट मात्र चुकीची: संकेतस्थळांच्या दोन तपासण्या

बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी ही वसाहत 'स्टेज' म्हणजे टप्प्यांमध्ये विभागलेली आहे. तेथील घर शोधताना आधी टप्पा, मग 'मेन' आणि 'क्रॉस' या नावांनी ओळखले जाणारे रस्ते, असा क्रम धरावा लागतो. संकेतस्थळावरील पानाच्या माथ्याशी 'मुखपृष्ठ > बंगळुरू > बनशंकरी > मंदिर' अशी जी ओळ दिसते, तिचे कार्य हेच. तिला 'ब्रेडक्रम्ब' म्हणतात. परतीची वाट सापडावी म्हणून पावाचे तुकडे टाकीत जाणाऱ्या परीकथेतील मुलांवरून हे नाव पडले. कथेत ते तुकडे पक्ष्यांनी खाल्ले, हा भाग वेगळा.

वाचकाला या ओळीचा अर्थ सहज कळतो. यंत्राला तो खात्रीने कळावा यासाठी पानाच्या संहितेत ठरावीक खुणा घालाव्या लागतात. बनशंकरीच्याच बाबतीत त्याची गरज पटते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांचे कुलदैवत असलेली बनशंकरी बदामीजवळची. बंगळुरूतील कनकपुरा मार्गावरचे मंदिर तेथून चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. पान कोणत्या मंदिराचे, हे शोधाच्या निकालातच दिसले तर भाविकाचा घोटाळा टळतो.

गूगलने २००९ मध्ये निकालांत अशी ओळ दाखविण्यास प्रारंभ केला. २०११ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या बिंग यांनी 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही सामाईक शब्दावली जाहीर केली. मात्र त्या काळातील असंख्य पाने एक्सएचटीएमएल १.० या कठोर नियमांनुसार लिहिलेली होती. त्यांत 'प्रॉपर्टी' किंवा 'आयटमप्रॉप' हे नवे गुणधर्म घातले की डब्ल्यूथ्रीसीचे तपासणी साधन दोष दाखवीत असे. शोधयंत्रे मात्र तीच पाने विनातक्रार वाचत. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही पाने प्रमाणित व्याकरणात बसावीत, अशी अपेक्षा होती. त्यामुळे प्रामाणिक प्रोग्रामरची कोंडी होत असे.

एचटीएमएल ५ च्या काळात हा तंटा बहुतांशी मिटला. आता ही माहिती बहुधा जेसन-एलडी या पद्धतीने, पानाच्या दृश्य भागापासून अलग अशा एका खंडात लिहिली जाते. तपासणी साधनाचा आक्षेप उरत नाही, आणि नेमका येथेच नवा धोका आहे. त्या खंडातील आशय योग्य आहे की नाही, हे एचटीएमएलची तपासणी पाहत नाही. बंगळुरूच्या मंदिराच्या पानावर बदामीचा दुवा दिला, तरी पान निर्दोषच ठरते.

यासाठी गूगलचे 'रिच रिझल्ट्स टेस्ट' आणि स्कीमा डॉट ऑर्गचे स्वतंत्र साधन उपलब्ध आहे. ओळीत किमान दोन टप्पे असावेत, प्रत्येकाला नाव व क्रमांक असावा, शेवटच्या टप्प्याचा दुवा वगळला तरी चालतो, हे गूगलचे नियम होत. परंतु दुवा बदामीचा की बंगळुरूचा, याची खातरजमा ही साधनेही करीत नाहीत. ते काम माणसाचेच.

'डेटा-व्होकॅब्युलरी' या जुन्या शब्दावलीतील खुणांचा आधार गूगलने जानेवारी २०२१ अखेर काढून घेतला. त्या खुणा वापरणाऱ्या पानांचे एचटीएमएल आदल्या दिवशी जितके शुद्ध होते, तितकेच दुसऱ्या दिवशीही होते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने मोबाइलवरील निकालांतून ही ओळ काढून टाकल्याचे जाहीर केले. संगणकावर ती दिसत राहील, असे त्या वेळी सांगण्यात आले.