पलंगपोसांची निगा आणि पारनेरचें पाणी

मुंबईच्या घरांत वर्षभर शुभ्र राहिलेली सुती चादर सुटीच्या दिवसांत पारनेरला नेली आणि तेथील विहिरीच्या पाण्यानें चारदोन वेळां धुतली, कीं तिच्यावर करडी पिवळट झांक चढते व ती हाताला खरखरीत लागूं लागते. पुढच्या खेपेस साबणाची वडी थोडी अधिक घांसली जाते, आणि चादर पूर्वीपेक्षांही मळकट दिसते. अशा वेळीं साबण वाईट निघाला, धूळ फार झाली, किंवा धुणाराचा हात चुकला, अशीं नाना कारणें सांगितलीं जातात. खरें कारण बादलींतच असतें. पलंगपोस कसा धुवावा हा प्रश्न वरवर कापडाचा दिसला, तरी त्याचा अर्धा भाग पाण्याचा आहे. आणि जेथें पाणी जड असून शिवाय दुर्मिळही आहे, तेथें तोच भाग आधीं समजून घ्यावा लागतो.

पारनेर तालुका सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशांत मोडतो. ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पठाराच्या वांट्यास उरलासुरला पाऊस येतो. त्यांतील कांहीं पाणी कातळाच्या भेगांतून झिरपत विहिरींस मिळतें. वाटेंत मातींतील कर्बाम्लवायु त्यांत मिसळतो, पाण्यास किंचित् अम्लता येते, आणि तें खडकांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार आपल्यांत विरघळवून घेतें. या क्रियेचा प्रत्यक्ष पुरावा याच तालुक्यांत वडगांव दर्या येथें पाहावयास मिळतो. दर्याबाईच्या स्थानीं खडकांतून ठिबकणारें पाणी हवेंत आलें, कीं त्यांतील वायु निघून जातो, चुना मागें राहतो, आणि युगानुयुगें थेंबाथेंबानें सांचून त्याचे लोंबते दगड झालेले आहेत. भाविक व प्रवासी त्यांकडे नवलानें पाहतात. त्याच जातीचा चुना धुतलेल्या चादरीच्या धाग्याधाग्यांतही बसत असतो, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

साबण म्हणजे तेलांतील अम्लें आणि सोडा यांचा संयोग. मऊ पाण्यांत तो विरघळतो, फेंस देतो आणि मळास धाग्यापासून सोडवून पाण्यांत तरंगत ठेवतो. जड पाण्यांत, ज्यास शालेय पुस्तकांत दुष्फेन पाणी म्हणतात, साबण मळाकडे वळण्यापूर्वीं चुन्याशींच संयोग पावतो. त्यापासून चिकट व न विरघळणारा साका तयार होतो आणि तोच मळासकट कापडावर बसतो. याचा ठोकळ हिशेब उद्बोधक आहे. समजा, एका लिटरांत ४०० मिलिग्रॅम चुनखडीइतकी जडता आहे. तर १५ लिटरांच्या बादलींत ती ६ ग्रॅम झाली. आणि एवढ्या जडतेपायीं सुमारे ३५ ग्रॅम साबण फेंस येण्यापूर्वींच वायां जातो. म्हणजे साबण वाढविला कीं साका वाढतो, साका काढण्यास पाणी वाढतें, आणि तें पाणीही चुन्याचेंच असतें. हल्लींच्या धुण्याच्या भुकट्या साबणाप्रमाणें चुन्यापुढें निकामी होत नाहींत. तथापि त्यांचीही शक्ति अशा पाण्यांत कमी होते.

यावर उपाय साधा आहे. पाण्याची परीक्षा प्रथम करावी. एका बाटलींत पावसाचें व दुसरींत विहिरीचें पाणी समप्रमाणांत घेऊन दोहोंत साबणाचा सारखाच तुकडा टाकावा आणि हलवून पाहावें. जेथें फेंस न येतां पांढुरके कण दिसतील, तें पाणी जड होय. जडतेचा एक भाग पाणी उकळल्यानें तळाशीं बसतो. भांड्यास आंतून जमणारें पांढरें कीट तें हेंच. राहिलेल्या भागासाठीं धुण्याचा सोडा वापरावा. वर सांगितलेल्या १५ लिटर पाण्यास एक लहान चमचा सोड्याची कोरडी भुकटी बहुधा पुरते. ती कोमट पाण्यांत आधीं विरघळवून बादलींत घालावी, पाणी कांहीं वेळ निवूं द्यावें, आणि वरचें नितळ पाणी धुण्यास घ्यावें. साबण त्यानंतर लावावा, आधीं नव्हे. हा सर्व उपाय सुती व तागाच्या कापडासाठीं आहे. रेशमास व लोंकरीस सोडा लावणें म्हणजे तीं वस्त्रें आपल्या हातानें नासणें होय.

म्हणून पाण्यानंतर कापडाची ओळख हवी. कापूस ही वनस्पतिज वस्तु. त्याचा धागा ओला असतां अधिक बळकट होतो; त्यास ऊन पाणी, क्षार आणि चोळणें हीं सारीं सोसतात. रोजच्या पांढऱ्या सुती चादरी ६० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत धुतल्यास मळ तर निघतोच, शिवाय अंथरुणांतील धुळीचे सूक्ष्म किडेही मरतात. ज्या घरांत दम्याचा विकार आहे, तेथें हें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नव्या चादरीस गिरणींतील खळ असते, ती प्रथम साध्या पाण्यांत भिजवून काढावी. सोलापुरी चादर जाड विणीची व रंगीत असते. ती पहिल्या दोनतीन वेळां निराळी व थंड पाण्यांत धुवावी. मिठाच्या पाण्यानें कच्चा रंग कायमचा पक्का होतो, ही समजूत भरंवशाची नाहीं. हातसुताच्या खादीस जोरानें पिळूं नये. तिच्या सुताचा पीळ सर्वत्र सारखा नसल्यानें ती वांकडी ताणली जाते.

अळशीच्या झाडापासून निघणारा ताग, ज्यास लिनन म्हणतात, कापसासारखाच धुवावा. पण दर खेपेस त्याच घडीवर कडक इस्त्री फिरवूं नये, कारण धागा ताठ असून तेथेंच मोडतो. रेयॉन दिसावयास रेशमासारखें, उत्पत्तीनें मात्र लांकडाच्या लगद्याचें असतें. तें ओलें असतां फार दुबळें होतें, म्हणून तें न पिळतां नुसतें दाबून पाणी काढावें. पॉलिएस्टरमिश्रित चादरी लवकर वाळतात व कमी चुरगळतात, परंतु अंगाचें व केंसांचें तेल धरून ठेवतात. त्या कोमट पाण्यांत धुवाव्या. कडक ऊन पाण्यानें त्यांवर पडलेल्या सुरकुत्या पुढें हटत नाहींत.

रेशीम व लोंकर हीं प्राणिज वस्त्रें. त्यांस तीव्र क्षार, फार उष्णता आणि क्लोरिनचा विरंजक हीं तीनही वर्ज्य आहेत. त्यांच्यासाठीं रिठ्याचें पाणी उत्तम. रिठ्याची फोल रात्रीं भिजत घालावी, सकाळीं कुसकरून गाळावी. तिचा फेंस सौम्य असतो, व चुन्याशीं मिळून साका होत नाहीं. लोंकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ऊन पाण्यांत चोळल्यास ते एकमेकांत अडकतात आणि कांबळें आटून घट्ट होतें. पारनेर तालुक्यांतील ढवळपुरी हें गांव धनगरांच्या वस्तीसाठीं ओळखलें जातें; या मुलखांतील मेंढ्यांच्या लोंकरीचें घोंगडें ज्या घरीं आहे, तेथें तें वारंवार धुण्याचा सोसच नसावा. घोंगड्यास चिंचोक्याची खळ देण्याची रीत आहे व धुण्यानें ती जाते. झटकून, उन्हांत उलटसुलट टाकून तें पुष्कळ काळ स्वच्छ राहतें.

डागांची घाई करावी, पण विचारानें. रक्ताचा डाग थंड पाण्यांतच सोडवावा. ऊन पाण्यानें तो शिजून धाग्यांत बसतो. लहान मुलानें ओली केलेली चादरही प्रथम थंड पाण्यांत खळबळावी. हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो. त्यानें भिण्याचें कारण नाहीं. तो धुऊन कडक उन्हांत ठेवला असतां फिकट होत जातो. लोखंडी गंजाच्या डागास लिंबाचा रस लावून नंतर भरपूर धुवावें. तेथें क्लोरिनचा विरंजक कामास येत नाहीं, उलट डाग पक्का करतो. आणि हा विरंजक व लिंबू किंवा व्हिनेगर हीं कोणत्याही कारणानें एकत्र करूं नयेत. त्यांतून निघणारा वायु विषारी असतो.

नीळ मळ काढीत नाहीं. ती पिवळेपणावर निळी छटा टाकून डोळ्यांस शुभ्रता भासविते, एवढेंच तिचें काम. चुन्याचा साका तसाच ठेवून वर नीळ दिली, तर पलंगपोस राखी दिसूं लागतो. पांढऱ्या सुती चादरी उन्हांत वाळवाव्या, रंगीत चादरी उलट्या करून, आणि रेशीम सांवलींत. पेटींत ठेवावयाच्या चादरींस खळ देऊं नये, कारण खळीवर कसर येते. कपडा पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालूं नये. दोनतीन महिन्यांनीं घडी मोडून दुसऱ्या बाजूनें घालावी.

शेवटीं प्रश्न पुन्हां पाण्याशींच येतो. १९७२ चा दुष्काळ ज्या घरांनीं पाहिला, त्यांस एका बादलीचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं. याच तालुक्यांतील राळेगण सिद्धी येथें १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें पाणी अडविण्याचें व जिरविण्याचें जें काम झालें, त्यानें शिवारांतील पाण्याचा हिशेब शिकविला. घरांतील हिशेब न्हाणीघरांत शिकावयाचा असतो. कमी मळकट चादरी आधीं व अधिक मळकट मागाहून धुतल्या, पहिलीचें खळबळलेलें पाणी दुसरीस भिजविण्यास घेतलें, आणि साबण मोजून लावला, तर कित्येक बादल्या वांचतात. सोड्याचें पाणी मात्र रोज एकाच झाडाच्या बुडाशीं ओतूं नये. त्यांतील क्षारानें जमीन घट्ट होते. रिठ्याचें पाणी त्या मानानें सौम्य असतें. पावसाळ्यांत पन्हाळीखालीं घंगाळ मांडून धरलेलें पाणी रेशमी व लोंकरी वस्त्रांसाठीं राखून ठेवावें. चुन्याचा स्पर्श न झालेलें तेवढेंच पाणी त्या घरीं विनामूल्य येतें. साबणाची वडी हातांत घेण्यापूर्वीं बादलींतलें पाणी आणि हातांतलें कापड या दोहोंची ओळख ज्या घरांत करून घेतली जाते, तेथील चादर वर्षानुवर्षें टिकते, आणि तिच्यापायीं विहिरीवरची एक खेपही वांचते.