लाइफ कोच निवडताना

‘डॉक्टर, मुलाला लाइफ कोचकडे पाठवू का?’ असे पालक हल्ली विचारतात. पाठवा, पण आधी चौकशी करा. आपल्याकडे ही पाटी लावायला कायद्याने कोणतीही पदवी लागत नाही. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण व १०० तासांचा अनुभव लागतो. ते आहे का, पाहावे. फी आधीच ठरवावी.

मात्र झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जीव नकोसा वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. तेथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. चांगला कोच स्वतःच तसे सांगतो. चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्याची पायरी पुन्हा चढू नये. अडीअडचणीला ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.