‘अटक’ आणि ‘पत्री’

१९४३ पासून सुमारे तीन वर्षे जुन्या सातारा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील, अनेक गावांत नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा अंमल चाले. दरोडेखोर व गावगुंड तेथे लोकन्यायालयापुढे उभे केले जात. लोकांनी ‘प्रति’चे ‘पत्री’ केले, ते केवळ उच्चारसौकर्यासाठी नव्हे. तळपायांना पत्री ठोकण्याच्या शिक्षेचा धाक त्या शब्दात होता. (ती प्रत्यक्षात कितपत ठोकली जाई, हा वाद निराळा.)

तत्कालीन कायदा नागरिकास अगदीच हतबल ठेवीत नव्हता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५९ अन्वये, आपल्या दृष्टीसमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणासही पकडता येई. मात्र त्यास अनावश्यक विलंब न लावता पोलिसांच्या स्वाधीन करावे लागे. १९७३ च्या संहितेने ‘दृष्टीसमोर’ऐवजी ‘उपस्थितीत’ हा व्यापक शब्द योजला; २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० ने सहा तासांची मर्यादा घातली. शरीर व मालमत्ता यांच्या बचावाचा हक्कही असाच सीमित आहे. सरकारी संरक्षण मागण्यास अवसर असेल, तेथे तो उरत नाही. आणि बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा त्यात बसत नाही.

परंतु १९४३ साली ज्या पोलिसांच्या स्वाधीन करावयाचे, तेच भूमिगतांचा माग काढीत होते. साहजिकच पकडणे, निवाडा व शिक्षा एकाच हाती आली. ‘अटक’ हा निवाड्याच्या अलीकडचा शब्द आहे. ‘पत्री’ त्याच्या पलीकडचा.