गुलमर्गचा बर्फ आणि आपले औषधिभांडार

ऋतुचर्येचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर बहुधा रुग्णाचा आहार-विहारच असतो. परंतु ज्या भूमीतून आपली द्रव्ये येतात, त्या भूमीचीही एक ऋतुचर्या असते. तिचा क्रम बिघडला की त्याचे परिणाम कालांतराने आपल्या औषधालयातील बरण्यांपर्यंत पोहोचतात. काश्मीरमधील गुलमर्ग या हिमक्रीडास्थळाच्या अलीकडच्या काही हिवाळ्यांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

गुलमर्ग हे पीरपंजाल पर्वतराजीतील, समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गवताळ पठार होय. येथून रज्जुमार्ग दोन टप्प्यांत अफरवट शिखराच्या उतारापर्यंत, म्हणजे जवळजवळ ३,९५० मीटर उंचीपर्यंत जातो. उन्हाळ्यात फुलांनी आणि हिवाळ्यात बर्फाने झाकले जाणारे हे पठार हाच तेथील जनांचा चरितार्थ आहे. घोडेवाले, स्लेज ओढणारे मजूर, स्की शिकविणारे तरुण, हॉटेलांतील कामगार अशा सर्वांचे वर्षाचे गणित हिमवृष्टीवर बसलेले असते.

चिल्लई कलानचे महत्त्व

काश्मिरी लोकपरंपरेत हिवाळ्याचे तीन भाग मानले आहेत. २१ डिसेंबरच्या सुमारास सुरू होणारे पहिले ४० दिवस म्हणजे 'चिल्लई कलान', त्यानंतरचे २० दिवस 'चिल्लई खुर्द' आणि शेवटचे १० दिवस 'चिल्लई बच्चा'. यांपैकी चिल्लई कलानचा प्रारंभ उत्तरायणाच्या आरंभाशी, म्हणजेच आपल्या आदानकालाच्या उंबरठ्याशी जुळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. या ४० दिवसांत पडलेला बर्फ कडक थंडीमुळे गोठून घट्ट होतो व उंच उतारांवर उन्हाळ्यापर्यंत टिकतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये पडलेला बर्फ मात्र वाढत्या उन्हात लवकर वितळून जातो. म्हणून बर्फ किती पडला, इतकाच तो केव्हा पडला हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

ही हिमवृष्टी घडवून आणतात ते भूमध्य सागराच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ. ते दुर्बळ झाले किंवा उशिरा आले की काश्मीरचा हिवाळा कोरडा जातो. जानेवारी २०२४ मध्ये हेच घडले. ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचे पठार तपकिरी व उघडे होते. महिन्याच्या अखेरीस बर्फ आला आणि फेब्रुवारीत तेथे हिवाळी क्रीडास्पर्धाही पार पडल्या. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतील याच स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्ये झाल्या. वृत्तपत्रांनी पर्यटनाच्या हानीची चर्चा केली, ती योग्यच होती. वैद्यवर्गाने मात्र त्याखालच्या मातीकडेही पाहावयास हवे.

बर्फाचे पांघरूण

ताज्या बर्फाच्या आकारमानात बहुतांश हवाच असते. त्यामुळे तो उत्तम उष्णतारोधक ठरतो. बाहेर तापमान शून्याखाली पुष्कळ उतरले तरी जाड बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास राहते. उंच कुरणांतील बहुवर्षायू वनस्पतींची मुळे व भूमिगत अंकुर या पांघरुणाखाली हिवाळा काढतात. पांघरूण नसले तर उघडी जमीन खोलवर गोठते, कोरड्या वाऱ्याने अंकुर सुकतात, आणि वसंतात जमीन लवकर तापून फुटलेली पालवी नंतरच्या दहिवरात करपते. शिवाय अनेक उच्चस्थानीय वनस्पतींच्या बीजांची सुप्तावस्था दीर्घ शीत व ओलसर काळानंतरच मोडते. हळूहळू वितळणारा बर्फ हाच त्यांचा पहिला जलस्रोत असतो.

कुटकी, अतिविषा, कुष्ठ ही द्रव्ये अशाच भूमीतील आहेत. पुष्करमूलाला तर निघंटूंत 'काश्मीर' हे पर्यायनामच आहे. आरोग्यवर्धिनीत कुटकीचे प्रमाण अन्य सर्व घटकद्रव्यांच्या एकत्रित भाराइतके असते, आणि अतिविषेवाचून बालचातुर्भद्र सिद्ध होत नाही. म्हणजे ज्या औषधांवाचून आपले दैनंदिन चिकित्साकर्म अडते, त्यांचे मूळ त्या बर्फाखाली आहे.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात औषधिभूमींमध्ये हिमालयाला श्रेष्ठ म्हटले आहे. विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल या चार सामान्य भावांच्या वैगुण्याचे वर्णन येते. ऋतूची लक्षणे विपरीत, अति अथवा हीन होणे हे कालाचे वैगुण्य होय. याच अध्यायात गंगातीरी, कांपिल्य नगरीजवळ पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वी औषधी काढून ठेवाव्यात, कारण पुढे त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव तसे राहणार नाहीत. हिमहीन हिवाळा हा 'हीन' लक्षणाचा स्पष्ट नमुना आहे.

तथापि या उपदेशाचा विपरीत अर्थ होऊ नये. 'आधीच काढून ठेवा' याचा अर्थ आज ओरबाडून साठा करणे असा घेतला तर द्रव्यच नष्ट होईल. या वनस्पतींच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण अतिसंकलन हे आहे. कालवैगुण्य हा त्यावरचा दुसरा आघात होय. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत कुष्ठ व जटामांसी अतिसंकटग्रस्त, तर अतिविषा संकटग्रस्त गणली गेली आहे. कुष्ठाच्या वन्य नमुन्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये निषिद्ध आहे. भावप्रकाशात पुष्करमूलाच्या अभावी कुष्ठ घ्यावे असे सांगितले आहे. आज तो प्रतिनिधीच मूळ द्रव्याइतका दुर्मिळ होऊ पाहत आहे!

आपले कर्तव्य

औषधनिर्मात्यांनी कुटकी, कुष्ठ, अतिविषा खरेदी करताना केवळ दर न पाहता द्रव्य लागवडीचे की वन्य, कोणत्या प्रदेशातील व कोणत्या महिन्यात संकलित, याची लेखी नोंद मागावी. मुळांचे संकलन ग्रीष्मात वा शिशिरात करावे असे कल्पस्थानात सांगितले असले, तरी उंच हिमालयात शिशिरात जमीन बर्फाखाली असते. तेथे बीज पक्व होऊन गळल्यानंतर, शरदातच मूळ काढले जाते. बीज पडण्यापूर्वी उपटलेले मूळ म्हणजे पुढच्या पिढीचा नाश होय. लाहौलमध्ये कुष्ठाची लागवड अनेक दशकांपासून होत आहे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाकडूनही लागवडीस साहाय्य मिळते. अशा मालास किंचित अधिक मूल्य देणे हा तोटा मानू नये.

चिकित्सकांनी ही द्रव्ये नेमक्या दोषावस्थेत व नेमक्या मात्रेतच योजावीत. सवयीने लिहिलेला प्रत्येक अनावश्यक योग कुठेतरी एका उतारावरचे मूळ उपटत असतो. पुष्करमूलाऐवजी कुष्ठ बाजारात विकले जाते हे सर्वज्ञात आहे, म्हणून द्रव्यपरीक्षा कटाक्षाने करावी.

गुलमर्गचा घोडेवाला डिसेंबरात आकाशाकडे पाहतो, तेव्हा त्याला आपल्या कुटुंबाच्या वर्षाची चिंता असते. कुटकीची बरणी उघडताना आपणही क्षणभर त्याच आकाशाचे स्मरण ठेवावे. त्याच्या अंगणात जो बर्फ पडत नाही, त्याची उणीव काही वर्षांनी आपल्या खलात जाणवणार आहे.