भिंत पाडण्यापूर्वी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. पण बांधलेले घर मोडून पुन्हा सावरणे हे नव्याने घर बांधण्याहून अवघड असते, याविषयी कोणी म्हण केलेली माझ्या ऐकिवात नाही. नवे घर बांधताना जमीन मोकळी असते, नकाशा हाती असतो आणि चूक झाली तर ती कागदावर पुसता येते. जुन्या घराच्या भिंतीत काय दडले आहे, हे मात्र ती फोडल्यावाचून कळत नाही, आणि फोडल्यावर कळून फारसा उपयोग नसतो. या दोन अडचणींच्या मध्ये जो मनुष्य उभा असतो, त्याला स्ट्रक्चरल इंजिनियर किंवा संरचना-अभियंता म्हणतात. त्याला बोलवावे की नाही, आणि बोलवले तर त्याला किती द्यावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे चेन्नईत राहतो. माझे मामेसासरे येथील तंजावरी मराठी घराण्यातले. सतराव्या शतकात भोसल्यांबरोबर कावेरीकाठी गेलेल्या मंडळींचे ते वंशज. त्यांचे घर तिरुवल्लिक्केणी भागात, पार्थसारथी मंदिरापासून फार दूर नाही. गल्लीतील घरे एकमेकांना खेटून, शेजाऱ्याची व आपली भिंत एकच. घराचे छप्पर ‘मद्रास टेरेस’ पद्धतीचे. आपल्या कडीपाटाची ओळख असणाऱ्यांना ही रचना चटकन ध्यानी येईल. भिंतीवर थोड्या थोड्या अंतराने सागवानी कड्या टाकतात. त्यांवर लहान, पातळ विटा चुन्यात उभ्या बसवून तिरप्या ओळी रचतात. त्यावर विटांचे तुकडे व चुना यांची गच्ची धोपटून घट्ट करतात आणि वर सपाट कौले बसवतात. उन्हाळ्यात अशा घरात जे सुख लाभते, ते सिमेंटच्या घरात मिळत नाही.

मामांची इच्छा एवढीच होती, की पुढची खोली आणि मधले दालन यांमधील बारा फुटांची भिंत काढून एक प्रशस्त दिवाणखाना करावा. एका मेस्त्रीला बोलावले. (मेस्त्री हा शब्द तमिळमध्येही आहे, तो दोन्ही भाषांनी पोर्तुगीजांकडून घेतला.) त्याने भिंतीवर बोटाने टकटक केले आणि सांगितले, की भिंत काढून वर एक लोखंडी गर्डर टाकू, जुने छप्पर उतरवून काँक्रीटचा स्लॅब घालू, सगळे मिळून 4,80,000 रुपये. इंजिनियरचे नाव काढताच तो हसला. मामाही मला म्हणाले, “अहो जावईबापू, कागदावर चार रेघा मारण्याचे पैसे कशाला? माझ्या आजोबांनी हे घर बांधले तेव्हा कुठे होता इंजिनियर?”

त्या वेळी मला चटकन उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे. आजोबांनी घर बांधताना इंजिनियर नव्हता हे खरे. परंतु त्यांनी भिंत बांधली होती, काढली नव्हती. परंपरेने चालत आलेली रचना जशीच्या तशी केली, तर परंपरेचा अनुभव पाठीशी असतो. ती बदलावयाची झाली, की तो अनुभव संपतो आणि गणित सुरू होते.

ते गणित काय असते हे सोप्या आकड्यांनी सांगतो. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाडीची विटांची भिंत सुमारे चार टन वजनाची असते. दहा फूट लांब-रुंद खोलीवरचा पाच इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब जवळजवळ तीन टन भरतो. त्याच खोलीत जुनी फरशी न काढता दोन इंच माल व नवी फरशी घातली, तर आणखी एक टन वाढतो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाण्याचाच भार एक टन. हा सारा भार कोठून तरी जमिनीत पोचला पाहिजे. तो ज्या वाटेने जातो ती वाट ओळखणे, हेच इंजिनियरचे पहिले काम.

गर्डर टाकला म्हणजे काम भागले, हा मोठा गैरसमज आहे. गर्डर भार नाहीसा करीत नाही. भिंतीने बारा फूट लांबीत पसरून घेतलेला भार तो आपल्या दोन टोकांवर गोळा करतो. त्या टोकांखाली जुनी चुन्याची वीट असेल, तर ती तेथे चिरडली जाण्याचा धोका असतो. म्हणून टोकांखाली नीट बैठक करावी लागते. शिवाय फुटामागे भार तोच ठेवून गाळा दुप्पट केला, तर त्याच तुळईवरचा वाकवणारा जोर चौपट होतो आणि प्रत्यक्ष वाक सोळापट होतो. पाच फुटांना पुरणारा गर्डर दहा फुटांना पुरेल, असा अंदाज डोळ्यांनी करता येत नाही, कारण आपला डोळा दुप्पट पाहतो, सोळापट पाहत नाही.

अखेर माझ्या आग्रहावरून मामांनी एका इंजिनियर बाईंना बोलावले. गिंडीच्या ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम 1794 च्या मोजणीशाळेत आहे, तेथे त्या शिकलेल्या. त्यांचा हिशेब मी येथे मांडतो. हे दरपत्रक नव्हे, एका घराचा जमाखर्च आहे. पहिली भेट व तोंडी अभिप्राय, 5,000 रुपये. घराची मापे, आकडेमोड व कामाचे नकाशे, 30,000 रुपये. काम चालू असताना चार भेटी, प्रत्येकी 2,500 प्रमाणे 10,000 रुपये. एकूण 45,000 रुपये.

या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, की छताच्या सगळ्या कड्या याच भिंतीवर टेकल्या आहेत. ही पडभिंत नाही, भार वाहणारी भिंत आहे. ती पूर्ण काढली, तर शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीवर नवा भार येईल. त्यांनी पाच फुटांचा कमानीवजा मार्ग सुचविला. त्यावर दोन लोखंडी तुळया, त्यांच्या टोकांखाली काँक्रीटच्या बैठका, आणि आधी टेकू देऊन मग भिंत फोडण्याचा क्रम हे सर्व नकाशावर लिहून दिले. छप्परही उतरवण्याचे कारण नव्हते. ओल मुरून सहा कड्यांची भिंतीत गेलेली टोके तेवढी कुजली होती. बाकीचे सागवान निरोगी होते. काम 3,10,000 रुपयांत झाले. बाईंचे मानधन धरूनही मेस्त्रीच्या अंदाजापेक्षा सव्वा लाख कमी लागले.

या हिशेबावरून इंजिनियर नेहमी पैसे वाचवितो असा निष्कर्ष मात्र काढू नये. माझ्या एका सहकाऱ्याने समुद्राजवळच्या आपल्या सदनिकेची बंद बाल्कनी खोलीत मिळवून घेण्यासाठी इंजिनियरचा सल्ला घेतला, तेव्हा छतातल्या व तुळयांतल्या सळया गंजल्याचे निघाले. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. खाऱ्या हवेच्या शहरात हे दुखणे नेहमीचे आहे. बाल्कनी राहिली बाजूला, आणि दुरुस्तीचा मोठा खर्च पुढे आला. सहकारी काही दिवस इंजिनियरवरच रागावले होते. परंतु वैद्याने रोग सांगितला म्हणून रोग वैद्याने आणला असे होत नाही.

मानधनाचे प्रमाण पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मामांच्या कामात मानधन कामाच्या खर्चाच्या साडेचौदा टक्के पडले. नवी मोठी इमारत बांधताना हे प्रमाण याच्या मानाने फारच थोडे असते, म्हणून लहान कामात आपण लुबाडले गेलो असे वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. दार पाच फुटांचे असो की पंधरा फुटांचे, येणे-जाणे, मापे घेणे, भार मोजणे, नकाशा काढणे आणि सहीची जबाबदारी घेणे हे श्रम जवळजवळ तेवढेच पडतात. तेव्हा लहान कामाचे मानधन शेकड्याने मोजू नये. किती भेटी, किती नकाशे आणि कोणती चाचणी, असे विचारून ठराव करावा. काँक्रीटची ताकद अजमावण्याच्या चाचण्यांचा खर्च बहुधा वेगळा असतो, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे.

प्रत्येक कामाला इंजिनियर लागत नाही. रंग, गिलावा, दारे-खिडक्यांची तावदाने, स्वयंपाकघरातील फडताळे यांसाठी त्याला बोलावणे हे सर्दीसाठी शस्त्रवैद्य बोलावण्यासारखे होईल. परंतु भिंत काढणे, खांब किंवा तुळई तासणे, स्लॅबला भोक पाडणे, मजला चढविणे, टाकी हलविणे किंवा वाढत जाणारी तिरपी भेग दिसणे, यांपैकी काहीही असेल तर निदान एका भेटीचे पैसे खर्च करावेत. पुढचा खर्च करावयाचा की नाही, हे त्या भेटीतच कळते. तमिळनाडूच्या 2019 च्या एकत्रित विकास व इमारत नियमांत नोंदणीकृत संरचना-अभियंत्यांची तरतूद आहे. आपण ज्याला बोलावतो तो नोंदणीकृत आहे ना, हे पाहून घ्यावे. आणि मानधन आपण स्वतः द्यावे, ठेकेदारामार्फत नव्हे. ज्याच्या कामावर देखरेख करावयाची, त्याच्याच हातून पैसे घेणाऱ्याची जीभ थोडी जड होते.

ही सावधगिरी केवळ पैशाची नाही. 28 जून 2014 रोजी चेन्नईच्या मौलिवाक्कम येथे बांधली जात असलेली अकरा मजली इमारत कोसळून 61 माणसे दगावली. तिच्या जोडीची दुसरी इमारत 2 नोव्हेंबर 2016 रोजी सुरुंग लावून पाडावी लागली. ते नवे बांधकाम होते. जुन्या घरातील फेरफारासाठी मुंबईचे उदाहरण अधिक जवळचे आहे. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची सिद्धिसाई ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 जण मृत्युमुखी पडले. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते आणि त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. मरण आले ते मुख्यतः वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना, ज्यांचा त्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता.

येथे मानधनाच्या प्रश्नाचे खरे स्वरूप दिसते. घर आपल्या नावावर असते, पण भार कोणाच्याच नावावर नसतो. तो आपल्या भिंतीतून शेजाऱ्याच्या भिंतीत आणि वरच्याच्या खोलीतून आपल्या खांबात जातो. आपण वाचविलेले 45,000 रुपये प्रत्यक्षात दुसऱ्याच्या जिवावर काढलेले कर्ज ठरू शकते, आणि त्याची त्याला कल्पनाही नसते.

मामांच्या घरी आता त्या पाच फुटांच्या मार्गातून दोन्ही खोल्या एक वाटतात. दिवाणखाना त्यांना हवा होता तेवढा प्रशस्त झाला नाही, आणि हे ते मला अधूनमधून ऐकवितात. परंतु काम सुरू होण्याआधी त्यांनी स्वतः नकाशाची एक प्रत घेऊन शेजाऱ्याचे दार ठोठावले आणि कोठे काय होणार हे त्याला समजावून सांगितले. ज्या रेघांचे पैसे त्यांना जड वाटत होते, त्याच रेघा ते बोट ठेवून दाखवीत होते.