अठरावा वाढदिवस आणि एक दाखला

अठरावा वाढदिवस म्हणजे काय? केक, मित्रांचा धिंगाणा आणि लायसन्स काढायची घाई. बालगृहात वाढलेल्यांसाठी मात्र हा सामान बांधायचा दिवस. अठरा पूर्ण झाली, की तिथला मुक्काम संपतो. मग ते नाशिकचं उंटवाडीचं बालगृह असो, नाहीतर राज्यातलं दुसरं कुठलं. बारावी किंवा आयटीआय चालू असतानाच खोली, डबा आणि फी असे तिन्ही प्रश्न एकदम समोर येतात.

कायदा मात्र अठराव्या वर्षी हात सोडत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ‘अनुरक्षण’ म्हणजे आफ्टर केअरची सोय आहे. २१ व्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून २३ पर्यंत. ‘मिशन वात्सल्य’मधून त्यासाठी महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. कॉलेज रोडला कॉट आणि मेसचा हिशेब करून बघा, ही रक्कम फार नाही. पण शिक्षण सुटू नये, एवढा टेकू नक्कीच आहे.

खरी गोम कागदात आहे. अमृता करवंदे हे नाव ऐकलंय? गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली ही मुलगी अठराव्या वर्षी बाहेर पडली, कामं करत शिकली. एमपीएससी दिली, पण नॉन-क्रीमिलेयर दाखल्याअभावी तिची संधी हुकली. घरच नाही, तर घरच्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? ती थेट मुख्यमंत्र्यांना भेटली. एप्रिल २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षणाचा शासन निर्णय निघाला. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्काच्या माफीतही अनाथ मुला-मुलींचा समावेश झाला.

हे आरक्षण आणि शुल्कमाफी मिळवायची किल्ली एकच, ती म्हणजे महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र. संस्थेत न राहता नातेवाइकांकडे वाढलेल्यांनाही ते मिळू शकतं. कागदपत्रं हाताशी असतात तोवर, म्हणजे बालगृहात असतानाच अर्ज केलेला बरा. चौकशीसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं ऑफिस गाठायचं. नोकरी करत शिकायचं असेल, तर मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे.

तुमच्या बेंचवरही असं कुणी असेल. फॉर्मवरच्या पालकांच्या सहीपाशी त्याचं पेन अडलं, तर ‘बिच्चारा’ म्हणू नका. या दाखल्याबद्दल सांगा आणि पहिल्यांदा ऑफिसला जाताना सोबत जा.